मोहरीचा डबा

"वहिनी, आज काय शिजतंय?" सुभेदार जगदाळ्यांनी निवडुंगाच्या कुंपणापलीकडून विचारलं.

मी परसातल्या चुलीपुढे उकिडवी बसले होते. कढईत तेल तापलेलं. मूठभर मोहरी टाकली तशी ती अशी तडतडली की चार दाणे उडून माझ्याच हातावर आले. वर ठेचलेला लसूण, वर लाल मिरची. धूर गल्लीभर झाला. सुभेदारांच्या मागच्या शिपायाला ठसका लागला.

"वाघाचं कालवण," मी म्हटलं. "मामंजींनी धरला काल. देवळाच्या पायरीवर घोरत पडला व्हता मेला. शेपटीला धरून आपटला, तर मिश्या तेवढ्या शिल्लक राहिल्या. तुमास्नी लागत असल्या तर देते."

सुभेदार आपल्या मिशीवर हात ठेवून हसले. शिपायाला म्हणाले, चला, ह्या घरात समदं ठीक आहे. आणि बूट वाजवत पुढे गेले.

बुटांचा आवाज कुंभारवाड्याच्या वळणावर विरला तेव्हा मी कढई उतरवली. कढईत फोडणीशिवाय काही नव्हतं. ना वाघ, ना वांगं. ती फोडणी मी रोजच्यासारखी उकिरड्यावर ओतली, वर राख टाकली, हात धुतले आणि आत गेले.

आत माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर माझी नणंद निजली होती. तानू. चौदा वर्षांची पोर. तिच्या अंगावर मोहरीचा दाणा ठेवायला कोरी जागा नव्हती.

"वाघ सांगितलास?" तिनं विचारलं. ओठ सुजलेले, तरी हसली.

"सांगितला. मिश्यांसकट."

"उद्या मगर सांग."

देवीचा रोग आता जगातून गेला. पण माझ्या तरुणपणी तो होता, आणि आला की अर्धं घर घेऊन जायचा. ज्यांना सोडायचा त्यांच्या तोंडावर खड्डे ठेवून जायचा, नाहीतर डोळे घेऊन जायचा. आमचं मोरदरा गाव डोंगराच्या खोबणीत. बाहेर पडायला एकच वाट, ओढ्यावरच्या पुलाची. पलीकडे घाट चढला की बाजारपेठ आणि तिथून पुढे रेल्वे. म्हणून पुलावर काटेरी तार लावून लष्कर बसलं. आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. माझा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, तो पलीकडेच राहिला. पुलाच्या अलीकडे आमराईत हिरवे तंबू ठोकले आणि ज्याच्या अंगावर फोड दिसले त्याला उचलून तिथं न्यायला लागले. खपल्या पूर्ण पडेपर्यंत कुणाला सोडत नव्हते, हे आम्हाला मागनं कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की आमराईत गेलेलं माणूस परत येत नाही आणि आमराईमागनं धूर निघतो.

मग काय, लोक माणसं लपवायला लागले. कणगीत, माळ्यावर, गोठ्यात वैरणीच्या मागं. लष्कराबरोबर पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर कर्णिकबाई आल्या होत्या. बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, पदर खोचून सुईची पेटी बगलेत मारून दारोदार हिंडायच्या. दारं धडाधड बंद व्हायची. बाईंना माणसं सापडेनात.

पण बाई कोकणातल्या होत्या, आणि आजीच्या हाताखाली वाढलेल्या. घरात देवी आल्या की काय पाळतात ते त्यांना ठाऊक होतं. विंचरायचं नाही, पाहुणा घ्यायचा नाही आणि चुलीवर फोडणी द्यायची नाही. तळणीचा चटका आईला सोसत नाही म्हणतात. सगळं आळणी, थंड, दहीभात. बाईंनी शिपायांना सांगितलं, घरांच्या झडत्या घेत बसू नका. स्वयंपाकाच्या वेळेला गल्लीतनं नुसते चाला आणि कान उघडे ठेवा. ज्या घरातनं चर्र ऐकू येत नाही, त्या घरात आजारी माणूस आहे.

त्या आठवड्यात त्यांनी घरं अशी वेचली जसे तांदळातले खडे. गावाला उमगेना की हे कुणी सांगितलं. उमगलं तेव्हा मात्र गाव पण गाव होतं. एकजात सगळ्या चुली तडतडायला लागल्या.

आमच्या घरची गोष्ट निराळी होती. माझे सासरे शिद्राम गुरव, मोराईचे पुजारी. ते गावाला सांगून बसले होते की सुई टोचून घेतली की आई कोपतात, आणि मोराईचा अंगारा ज्याच्या कपाळाला आहे त्याला काही होत नाही. निम्मं गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. आणि तानूला ताप आला. मग तोंडात फोड, मग अंगभर. आता काय सांगणार? गुरवाच्याच पोरीला देवी? शिवाय तिचं लग्न ठरत आलेलं. मामंजी एक अख्खा दिवस खांबाला टेकून बसून राहिले. मग उठले आणि त्यांनी नेम सांगितला. वळचणीच्या बाहेर केलेली फोडणी ही घरातली फोडणी नव्हे. ती परसात करायची, गल्लीला ऐकू जाईल अशी. घरात मात्र सगळं पाळायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझं तोंड चालायचं.

"अनशे," ते म्हणाले, "तुझ्या थापांचा आजवर घराला काडीचा उपेग झाला न्हाई. आता कर."

मी केला. माझ्या नातवंडांना ही गोष्ट मी आजवर वेगळीच सांगत आले. त्यात मी सुभेदाराची टोपी पळवते, कोंबडी त्या टोपीत अंडं घालते आणि सगळं लष्कर कोंबडीला सलाम ठोकतं. पोरं हसतात. त्यातलं खरं एवढंच की सुभेदार रोज यायचे आणि मी रोज त्यांना हसवायचे. रोजचा पदार्थ तानू ठरवायची. वाघ, मगर, हत्तीच्या कानाची भजी. भिंतीआडनं कान लावून ऐकायची आणि खोकत खोकत हसायची. तिला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. फोडणी सुरू झाली तशा त्या परसात यायच्या बंद झाल्या. त्यांच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे खड्डे होते, कोरड्या ओढ्यातल्या दगडासारखे. मला येऊन गेल्यात, मला काय व्हत न्हाई, म्हणून तानूचं सगळं त्याच करायच्या. फोड फुटले की मऊ फडक्यानं टिपायच्या, पाला बदलायच्या, दहीभात भरवायच्या. मला माहेरी लहानपणीच टोचलेलं होतं, तरी मला त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देत नव्हत्या. मी दारात बसून थापा मारायचे.

आणि सकाळ झाली की त्याच बाहेर ओट्यावर यायच्या, हात पदराला पुसायच्या आणि अंगाऱ्याचं ताट पुढं घ्यायच्या. अंगारा लावायचा मान गुरविणीचा. ओट्यापुढं रांग लागलेली असायची. आत्याबाई एकेकाच्या कपाळाला अंगठा लावायच्या. पोरं असली तर जिभेवर पण चिमूट ठेवायच्या. गल्लीतली फुला कुंभारीण रोज पहिली. तिची बारकी कडेवर, तान्हा पाठीशी झोळीत. बारकीला अंगारा गोड लागायचा. ती आत्याबाईंचा अंगठा धरून चोखायची आणि सोडायचीच नाही. आत्याबाई हसायच्या. त्या घरात तेवढंच हसू होतं.

एकदा विहिरीवर कर्णिकबाईंनी मला गाठलं. माझ्या दंडावरचा व्रण बघितला, बरं वाटलं त्यांना. मग घागर भरेपर्यंत उभ्या राहिल्या. नवे आजारी सगळे देवळाच्या बाजूचे निघतायत, म्हणाल्या. वरच्या आळीत थांबलं, कुंभारवाड्यात नव्यानं सुरू झालं. म्हणजे ह्या बाजूला कुणीतरी आहे, आणि त्याच्याजवळचं माणूस सगळ्या गावात हिंडतंय, शिवतंय.

मी त्यांना माझ्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगायला घेतली, जिच्या दुधात मामा पोहायला शिकला. बाई हसल्या नाहीत.

"हा रोग श्वासानं लागतो, हातानं लागतो, कपड्यानं लागतो," त्या म्हणाल्या. "लागल्यावर तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर माणूस वाचवता येतं. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही. पण आधी टोचायचं कुणाला ते कळायला हवं, आणि त्यानं दंड पुढं करायला हवा. तुमच्या सासऱ्यांमुळे ह्या आळीत कुणी दंड पुढं करत नाही."

मी घागर डोक्यावर घेतली. घरी आल्यावर आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी बाईंची नक्कल करून दाखवली, चष्मा नाकावर ढकलत, पुणेरी बोलत. हातानं लागतो, कपड्यानं लागतो, तीन दिवसांत टोचायचं. नक्कल बरी जमली होती. आत्याबाईंनी विचारलं, "हातानं?" मी म्हटलं, असं म्हणतात त्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आपला उजवा हात पालथा-उताणा करून बघितला. मग पुन्हा सूप घेतलं.

दोन-तीन दिवसांनी फुला अंगाऱ्याला बारकीला न घेताच आली. बारकीला ताप होता. मग फुलाच्या घरातली फोडणी बंद झाली. तिला बिचारीला थापा मारायची अक्कल नव्हती आणि घरात तेलाचा थेंबही नव्हता. शिपाई आले आणि बारकीला घेऊन गेले. लहान जीव, काळे फोड आले होते म्हणतात. फार काळ राहिली नाही. आमराईमागं धूर निघाला तेव्हा फुला आमच्या ओट्याखाली बसली होती. रडत नव्हती. माती उकरत होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत रांगेत पहिली. पाठीवरचा तान्हा पुढं घेतलेला.

"गुरवीण मावशे," ती म्हणाली, "ह्याला दोन बोटं जास्त लाव. ह्यो एकच राहिला आता."

आत्याबाईंनी अंगठा ताटात बुडवला आणि हात तसाच राहिला. ताटावर, हवेत. मामंजी त्या दिवशी घरातच होते, नुकतेच तानूला तीर्थ पाजून बाहेर आलेले. म्हणाले, बघतीस काय, लाव. आत्याबाई म्हणाल्या, माझा हात खरकटा हाय. तसं मामंजींनी ताट स्वतःकडं ओढलं, चिमूट घेतली आणि पोराच्या कपाळाला फासली, जिभेवर ठेवली. तान्ह्यानं तोंड वाकडं केलं. फुला पाया पडून गेली.

रांग संपली. मामंजी देवळात गेले. तानू तेव्हा तिसऱ्या आठवड्यात होती, खपल्या धरायला लागल्या होत्या. अजून थोडे दिवस काढले की देवीची पाठवणी करायची, दहीभाताची शिदोरी शिवेवर ठेवायची, आणि कुणाला काही कळलंही नसतं. मामंजी देवळात जाताना हेच पुटपुटत गेले. थोडंच राहिलंय.

दुपारी मी परसात चूल पेटवली, कढई ठेवली आणि मोहरीचा डबा उघडला. पितळी डबा, झाकणावर मोर कोरलेला. आत्याबाईंच्या माहेरचा. आदल्याच दिवशी मी तो काठोकाठ भरला होता. एवढ्यात आत्याबाई मागल्या दारात आल्या. किती दिवसांनी परसात पाऊल टाकलं त्यांनी. माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. तानीला ठसका लागतोय."

मला खरं वाटलं. तानू खोकत होतीच. मी म्हटलं, सुभेदार येतील की आत्ता. त्या डबा घेऊन आत गेल्या.

मी चुलीपुढं बसून राहिले. तेल तापून धुरायला लागलं. तानूनं आतनं विचारलं, वहिनी, आज काय? मी म्हटलं, गप. गल्लीत बूट वाजले. कुंपणाशी आले, पुढं गेले. थांबले. मागं आले.

"आज काय न्हाई का, वहिनी?"

सुभेदारांच्या आवाजात अजून थट्टा होती. म्हणजे त्यांना अजून वाटत होतं की मी काहीतरी मासलेवाईक सांगेन. माझ्या तोंडात मगर होती, देवमासा होता. पण आयुष्यात मी सांगितलेली सगळ्यात भिकार थाप बाहेर पडली.

"मोहरी संपली," मी म्हटलं.

"संपली?"

"काल संपली. दुकान बंद. आणायची कुठनं?"

सुभेदार स्वतः खेड्यातलेच होते, पुलावर तार असली की मोहरी संपते हे त्यांना पटण्यासारखं होतं. मान डोलावली त्यांनी. निघालेच होते.

तेव्हा आत्याबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात तो डबा. कुंपणापाशी गेल्या. कुंपणाच्या तोंडाशी दगडी चिरा होता, त्याच्यावर डबा ठेवला, झाकण काढलं आणि झाकण डब्याशेजारी नीट उताणं ठेवलं. डबा काठोकाठ भरलेला. उन्हात मोहरी चमकत होती. सुभेदारांकडं त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडं नाही. वळल्या आणि घरात गेल्या.

सुभेदार त्या डब्याकडं बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी टोपी काढून काखेत घेतली.

"वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आत कोण हाय?"

"तानू," मी म्हटलं. "माझी नणंद."

"पांघरूण घालून ठेवा. म्या बाईंना घेऊन येतो." डब्याला त्यांनी हात लावला नाही. मीच तो उचलून आणला.

ते आले तेव्हा आळी गोळा झाली होती. मामंजी देवळातनं धावत आले आणि उंबऱ्यावर आडवे पडले. माझ्या अंगावरनं जा म्हणाले. सुभेदारांनी दारात बूट काढले. बाकीच्या शिपायांनाही काढायला लावले. देवीच्या घरात बूट घालून जायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. दोघांनी मामंजींना काखेत धरून, लागणार नाही असं उचललं आणि ओट्यावर बसवलं. स्ट्रेचर आत गेलं. कर्णिकबाई मागोमाग गेल्या.

मामंजींनी डोळे फिरवले. सगळ्या आळीवरनं फिरवले. मग ओरडले, "कुणी सांगितलं? माझ्या घराची खबर कुणी दिली?"

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. मी बघितलं. त्या बोलणार होत्या.

"म्या सांगितलं," मी म्हटलं.

मामंजींना कळेना. मी पुढं बोलत गेले. एकदा तोंड उघडलं की माझं काम सोपं असतं. मी म्हटलं, मला ह्यांच्याकडं मुंबईला जायचं व्हतं. सुभेदार म्हणाले, आजारी माणूस दाखव, पूल वलांडून देतो. मी कुंपणापाशी बोलायचे ते थापा न्हवत्या, हेच ठरत व्हतं रोज. एवढं बोलल्यावर मला भीती वाटली की सुभेदार आता खरं सांगतील. मी त्यांच्याकडं बघितलं.

सुभेदारांनी आत्याबाईंकडं बघितलं, मग मामंजींकडं.

"व्हय," ते म्हणाले. "हिनंच सांगितलं."

मामंजी माझ्या अंगावर धावले नाहीत. नुसतं म्हणाले, "ह्या घरात तुझ्या हातचं पाणी आता कुणी पिणार न्हाई."

तानूला बाहेर आणलं. इतक्या दिवसांनी ऊन लागलं तशी तिनं डोळे मिटून घेतले. काही बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या. स्ट्रेचर माझ्याजवळनं जाताना तिनं हात बाहेर काढला.

"वहिनी, आज काय सांगितलंस गं त्यास्नी?"

"मोहरी संपली म्हणून सांगितलं."

"ही काय थाप हाय व्हय," ती म्हणाली. "हसू बी येत न्हाई."

तिला नेलं. कर्णिकबाई मागं राहिल्या. त्यांनी ओट्यावर पेटी उघडली, आणि जमलेल्यांना सांगितलं की ह्या घरातला अंगारा ज्यांनी गेल्या तीन-चार दिवसांत घेतलाय त्यांनी आत्ता, ह्या घटकेला पुढं या. कुणी हललं नाही. सगळे मामंजींकडं बघत होते आणि मामंजी जमिनीकडं.

आत्याबाई दारातनं उतरून आल्या. बाईंच्या पुढ्यात बसल्या आणि चोळीची उजवी बाही वर सारली.

बाईंनी चष्म्यातनं त्यांच्या तोंडावरचे खड्डे बघितले. हळूच म्हणाल्या, "आई, तुम्हाला येऊन गेल्यात. तुम्हाला याची गरज नाही."

"मला ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ह्याच हाताला टोचा. समद्यांस्नी दिसंल असं."

 बाईंनी सुई बुडवली आणि टोचली, एकदा नाही, नेमानं जितक्या वेळा टोचतात तितक्या वेळा. रक्ताचा ठिपका वर आला. आत्याबाईंनी तो पुसला नाही. हात तसाच उघडा ठेवून आळीकडं तोंड करून बसल्या. गुरवीण टोचून घेते म्हटल्यावर कुणाला काय बोलायचं राहिलं? आधी फुला आली. तान्ह्याला पुढं केलं. मग तिची जाऊ. मग म्हातारी माळीण. मग रांगच लागली, अंगाऱ्याला लागायची तशी.

फुलाचा तान्हा जगला. त्याला चार फोड आले नि गेले. आमच्या आळीतनं त्यानंतर आमराईत फार थोडे गेले. पुलापलीकडं रोग गेलाच नाही.

तानू परत आली नाही. खपल्या पडत आल्या होत्या, पण छातीत कफ भरला. कर्णिकबाई स्वतः सांगायला आल्या. त्या म्हणाल्या की घरी असती तरी कदाचित हेच झालं असतं, कदाचित नसतं झालं, मला खोटं सांगता येत नाही. मला वाटलं, का येत नाही? एवढं शिकून एक थाप मारता येऊ नये? आत्याबाई पाट्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी बाईंना पाणी दिलं.

तार निघाली तसे हे येऊन मला मुंबईला घेऊन गेले. गावात माझं नाव घरभेदी पडलं. मामंजी असेपर्यंत मी त्या घराचा उंबरा चढले नाही. ह्यांना मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आईला बोलले असते, नाहीतर बापाला. आणि थाप मारायची तर निम्मी मारून चालत नाही.

मामंजी गेल्यावर आत्याबाई आमच्याकडं राहायला आल्या. परळला आमची एक खोली होती. येताना एक गाठोडं आणि तो पितळी डबा घेऊन आल्या. पहिल्या दिवशी मी ताट वाढलं, तर त्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली. मला कळलं. त्या दिवसापासून मी त्यांचं वरण आधी काढून ठेवायचे, मग आमच्याला फोडणी द्यायचे. फोडणी घालताना त्या उठून गॅलरीत जायच्या. कितीतरी वर्षं अशी गेली. त्या घटनेवर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. माझ्या पोरांना मी वाघाची, मगरीची गोष्ट सांगायचे तेव्हा त्या कोपऱ्यात वाती वळत बसायच्या आणि ऐकायच्या.

मग त्यांनी अंथरूण धरलं. त्या दिवशी दुपार होती. पोरं शाळेत, हे कामावर. मी स्टोव्हवर वरण ठेवलं होतं. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं डोळा लागलाय.

"अनशे."

"काय, आत्याबाई?"

"त्या दिशी मोहरी संपली व्हती न्हवं गं?"

मी पळी खाली ठेवली. डबा समोरच्या फळीवर होता, मोराच्या झाकणाचा. त्या तोंड वळवत नव्हत्या.

"संपली व्हती," मी म्हटलं. "आदल्या दिशीच संपली. म्या डबा खरवडून बघितला. एक दाणा न्हवता."

"आन् त्यास्नी तूच सांगितलंस."

"म्याच सांगितलं. मला मुंबईला यायचं व्हतं."

 मग त्यांनी हात पांघरुणाबाहेर काढला, तोच उजवा, आणि माझ्या पायाला लावला. सासूनं सुनेच्या पायाला. मी पाय ओढून घेतला.

"माझ्या वरणाला आज फोडणी घाल," त्या म्हणाल्या.

मी फळीवरनं डबा काढला, तेल तापवलं आणि मोहरी टाकली. ती तडतडली. त्या दिवशी आत्याबाई गॅलरीत गेल्या नाहीत. डोळे मिटून, शेवटचा दाणा फुटेपर्यंत, ऐकत राहिल्या.